रिकाम्या परतीचे पैसे कोण देणार? ॲपच्या टॅक्सीचं गणित, मोपा ते मडगाव

मागच्या महिन्यात पुण्याचा मावसभाऊ रात्री अकराला गोव्यात मोपाच्या विमानतळावर उतरला आणि बॅग हातात यायच्या आधीच त्याचा फोन, "अगं ताई, माझ्या ॲपमध्ये एकही गाडी दिसत नाहीये, इथलं नेट गंडलंय का?" नेट बरोबर होतं. तो पुण्यात रोज वापरतो ते ॲप गोव्यात चालतच नाही, एवढंच. मग काउंटरवर मडगावचं भाडं विचारून आला आणि पुन्हा फोन, एवढ्यात तर मी बसने पुण्याला परत जाईन म्हणे.

यावरून आमच्याकडे घराघरात भांडण आहे. बाहेरून येणारा पाहुणा म्हणतो गोव्यात टॅक्सीवाल्यांची दादागिरी आहे, आणि आपल्याच वाड्यावरचा टॅक्सीवाला म्हणतो आमच्या पोटावर पाय देताय. गंमत अशी की पुण्या-मुंबईत जिथे ॲप आहेत तिथली माणसंही खूश नाहीत, तिथे राइड कॅन्सल होतात, भाडं दुपारी एक आणि संध्याकाळी दुसरंच असतं, कस्टमर केअरला फोन लागत नाही. म्हणजे ॲप नाही म्हणून आपण वैतागलेलो आणि ॲप आहे म्हणून ते वैतागलेले. मी टॅक्सी चालवत नाही, कुठल्या कंपनीतही नाही, पण आमच्या वाड्यावरच्या एका टॅक्सीवाल्या काकांशी बोलून आणि नियम वगैरे जरा वाचून मला जे समजलं ते सोपं करून सांगते.

ॲप नेमकं विकतं काय?

टॅक्सी नाही. हे पहिलं डोक्यात बसवायला हवं.

देवळात प्रसादाच्या पंगतीला शेजारी एक काका असतात ना, "आमच्या बघण्यात एक चांगला मुलगा आहे" म्हणणारे. मुलगा त्यांचा नाही, मुलगी त्यांची नाही, ते फक्त दोघांची गाठ घालून देतात आणि त्याबद्दल त्यांचा मान ठेवावा लागतो. पुढे संसारात खटके उडाले की काका म्हणतात आता तुमचं तुम्ही बघा. ॲप तेच करतं. गाडी ड्रायव्हरची, पेट्रोल ड्रायव्हरचं, हप्ता ड्रायव्हरचा, कंपनी फक्त गाठ घालते आणि आपला हिस्सा काढून घेते. कायद्यात याला ॲग्रीगेटर म्हणतात, म्हणजे प्रवासी आणि ड्रायव्हर यांना ऑनलाइन जोडून देणारा मधला माणूस. १९८८च्या मोटार वाहन कायद्यात २०१९ला दुरुस्ती झाली तेव्हा हा शब्द आत आला आणि अशा कंपनीला राज्याचं लायसन्स लागेल असं ठरलं. त्याआधी कितीतरी वर्षं हा धंदा जोरात चालू होता आणि कायद्याला त्याचं नावही माहीत नव्हतं.

म्हणून ड्रायव्हर आला नाही की कंपनी "सॉरी" म्हणते आणि दुसरा शोधते. त्याला आणायचंच असं तिच्या हातात फारसं नसतं.

पोदेर आणि डोंगरावरचं घर

आता खरी गोष्ट. सकाळी पोदेर, म्हणजे आमचा पाववाला, सायकलवर पों पों करत वाड्यात येतो, चाळीस घरं एकमेकांना लागून, अर्ध्या तासात टोपली रिकामी. पण डोंगराच्या टोकाला एकच घर आहे आणि त्यांना चार पाव हवेत, तर चढ चढून चार पाव द्यायचे आणि रिकामी सायकल घेऊन खाली यायचं, हे परवडतं का? एकतर तो जाणार नाही, नाहीतर पाव महाग देणार. त्याला लबाड म्हणता येईल, पण चढ काही त्याने बांधलेला नाही.

टॅक्सीचा सगळा घोळ या चढात आहे. गाडीत माणूस नसताना जे किलोमीटर जातात त्यांना मी रिकामी फेरी म्हणते. पुण्यात कोथरूडहून स्टेशनला सोडलं की तिथे लगेच दुसरा पॅसेंजर मिळतो, रिकामी फेरी एक-दोन किलोमीटरची. गोवा राज्य ३,७०२ चौरस किलोमीटरचं, २०११च्या जनगणनेत आपण साडेचौदा लाख माणसं, आणि तीही गावागावात पसरलेली. गोव्याच्या पार दक्षिण टोकाला काणकोणला रात्री कुणाला सोडलं तर परत येताना कोण मिळणार, एखादं कुत्रं आडवं जाईल तेवढंच.

आकड्यात बघू. आकडे मी सोयीसाठी धरलेत, रेटकार्ड म्हणून वाचू नका. मोपा ते मडगाव साधारण ६५ किलोमीटर. समजा भाडं किलोमीटरला २२ रुपये, म्हणजे १,४३० रुपये झाले. त्यातले २० टक्के ॲपने घेतले, २८६ गेले, उरले १,१४४. आता ड्रायव्हर जाऊन-येऊन १३० किलोमीटर फिरला, गाडी लिटरला १५ देते आणि पेट्रोल शंभर रुपये धरलं तर ८६७ रुपये टाकीत गेले. हातात राहिले २७७ रुपये, आणि त्यातून गाडीचा हप्ता, टायर, इन्शुरन्स, आणि रात्री बाहेर घालवलेले तीन-चार तास.

त्याच ड्रायव्हरला मडगावहून परत मोपाला जाणारा पॅसेंजर मिळाला तर? पेट्रोल तेवढंच, कमाई डबल, हातात १,४२१. म्हणजे पाचपट. गाडी तीच, रस्ता तोच, भाडं तेच, फरक फक्त परतीला मागच्या सीटवर कुणी आहे की नाही याचा. हे गणित एकदा डोक्यात बसलं की ॲपवाल्या टॅक्सीच्या अर्ध्याअधिक तक्रारी आपोआप उलगडतात.

"कुठे जायचंय? कॅश का ऑनलाइन?"

पुण्याला मावशीकडे गेले होते तेव्हाची गोष्ट. सकाळची गाडी पकडायची म्हणून ॲपवर कॅब बुक केली, कंपनीचं नाव कशाला घ्या, ड्रायव्हरचा फोन आला, कुठे जायचंय, कॅश का ऑनलाइन. मी म्हटलं ऑनलाइन. "हां येतो" म्हणाला आणि नकाशावर गाडी जागची हलेना. दहा मिनिटं तो तिथेच, मी इथेच. शेवटी मीच कॅन्सल केलं आणि कॅन्सल केल्याचा चार्जही मलाच लागला. दुसराही तसाच. तिसरी रिक्षा मावशीने गल्लीच्या तोंडावर हात करून थांबवली.

तेव्हा चिडचिड झाली, आता कळतं काय चाललं होतं. बरीच वर्षं ॲपमध्ये ड्रायव्हरला राइड घेईपर्यंत कुठे जायचं ते नीट दाखवत नसत, कारण दाखवलं तर तो फायद्याच्याच राइड निवडेल. म्हणून तो फोन करून विचारायचा. त्याला फक्त एक जाणून घ्यायचं असतं, की मी जिथे सोडेन तिथून परत मला कुणी मिळेल का. कॅशचं कारण वेगळं, ऑनलाइन पैसे कंपनीकडून फिरून हातात येतात आणि त्याला पेट्रोल आत्ता भरायचं असतं. आणि गाडी जागेवर का उभी? त्याने कॅन्सल केलं तर त्याचा रेकॉर्ड खराब होतो, आपण केलं तर नाही. म्हणजे ॲपने दोघांना एकमेकांचा संयम बघायला बसवलंय, ज्याला आधी गाडी पकडायची तो हरणार.

हे फक्त माझ्याबाबतीत झालं असं नाही. २०२२ मध्ये केंद्राच्या ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ओला आणि उबर दोघांना नोटिसा काढल्या होत्या, कॅन्सलेशन चार्ज, कस्टमर केअर, भाडं कसं लावता असे मुद्दे होते. केंद्राची १ जुलै २०२५ची नवी मार्गदर्शक तत्त्वं सांगतात की योग्य कारण नसताना जो कॅन्सल करेल, मग ड्रायव्हर असो की प्रवासी, त्याला भाड्याच्या १० टक्के आणि जास्तीत जास्त १०० रुपये दंड. कागदावर छान आहे. पण "योग्य कारण" कुठलं आणि गाडी नुसती उभी ठेवून समोरच्याला कॅन्सल करायला लावणं यात कसं बसवणार, ते मला तरी समजलं नाही. आणि हो, केंद्राने सांगितलं तरी लागू राज्यांनी करायचं असतं.

बांगडा जूनमध्ये महाग होतो, तसं

आता भाडं अचानक दीडपट-दुप्पट होतं ते. याला सर्ज म्हणतात, मागणी जास्त आणि गाड्या कमी असल्या की ॲप स्वतःच भाडं चढवतं. गोव्यात हे कुणाला समजावून सांगायची गरज नाही. १ जून ते ३१ जुलै ट्रॉलर बंद, म्हणून बाजारात बांगड्याचा भाव विचारून आपण सुक्या बांगड्याकडे वळतो. मासेवाली लुटते असं म्हणतो खरं, पण मासळीच कमी आहे हेही आपल्याला माहीत असतं. पाऊस पडतोय, ऑफिस सुटलंय, सगळ्यांना एकाच वेळी घरी जायचंय, की ॲपमध्ये जून महिना सुरू.

कंपनीचं म्हणणं असं, की भाव वाढला की घरी बसलेला ड्रायव्हरही बाहेर पडतो आणि ज्याला घाई नाही तो थोडं थांबतो. यात तथ्य आहे. पण मासळीबाजारात आणि ॲपमध्ये एक मोठा फरक आहे आणि तिथेच लोकांचा संताप आहे. बाजारात तीच मासेवाली माझ्यासमोर शेजारणीला काय भाव सांगते ते मला ऐकू येतं. ॲपमध्ये प्रत्येकजण आपापल्या मोबाईलमध्ये एकटाच. घासाघीस नाही, पुढच्या मासेवालीकडे जाऊन बघणं नाही, ट्रॉलर खरंच बंद आहेत का तेही दिसत नाही.

मर्यादा आहेत त्याला. केंद्राने २०२० मध्ये मूळ भाड्याच्या दीडपट अशी वरची रेषा घातली होती, २०२५ मध्ये ती दुप्पट केली. मूळ भाडं राज्याने ठरवायचं. ऐकून वाटतं की मर्यादा वाढवली म्हणजे ग्राहकाचं नुकसानच, आणि मलाही तसंच वाटतं, पण निदान रेषा कुठे आहे ते आता सांगता येतं.

"माझ्या मोबाईलवर जास्त, वहिनीच्या मोबाईलवर कमी!"

हे सगळ्यांनी करून बघितलंय. जानेवारी २०२५ मध्ये ग्राहक प्राधिकरणाने याच कारणासाठी ओला-उबरला नोटीस दिली, आयफोन आणि अँड्रॉइडवर वेगवेगळं भाडं दिसतं का म्हणून. कंपन्यांनी नाही म्हणून सांगितलं. भाडं क्षणाक्षणाला बदलत असल्यामुळे दोन मोबाईल शेजारी धरून काही सिद्ध होत नाही हे त्यांच्या बाजूने खरं आहे, पण मग सिद्ध कसं करायचं हे ग्राहकाला कुणीच सांगत नाही. त्याच वर्षी मे महिन्यात आणखी एक नोटीस निघाली, गाडी लवकर हवी तर आधीच टिप द्या असं ॲप सुचवत होतं म्हणून. टिप कसली, बोलीच ती.

मग गोव्यात हे सगळं का नाही?

कारण गोव्यात स्टँड आहे. स्टँडची पद्धत ॲपच्या अगदी उलटी. स्टँडवर नंबर लागतो, पहिला उभा असलेल्याला पहिलं भाडं, मग तो शेवटी जाऊन उभा राहणार. कुणाचं रेटिंग नाही, कुणाचं कमिशन नाही, आजारी पडून आठवडा घरी बसला तरी परत आल्यावर रांगेत जागा आहे. हॉटेलच्या दारातला स्टँड त्या गावच्या लोकांचा, बाहेरच्या गाडीने तिथून पॅसेंजर उचलला की भांडण. आणि म्हणूनच मडगावचा माणूस मोपाला कुणाला सोडून आला तर परतीला तिथून कुणाला घेऊ शकत नाही. रिकामी फेरी आपल्याकडे निसर्गाने थोडी दिली आहे आणि उरलेली आपण नियम करून वाढवली आहे, असं मी म्हटलं तेव्हा काका माझ्याकडे बघतच राहिले, पण नाही म्हणाले नाहीत.

मग भाडं सांगताना टॅक्सीवाला परतीचे पैसे त्यात धरतो. पाहुण्याला वाटतं लुटला. खरं तर मघाचं २७७ रुपयांचं गणित त्याने भाडं सांगतानाच सोडवलेलं असतं. मात्र एक प्रश्न विचारायलाच हवा, परतीला पॅसेंजर मिळाला तर आधीचे पैसे परत करतो का? नाही ना. तिथे माझी सहानुभूती संपते.

ॲप आणायचे प्रयत्न झालेत. ऑगस्ट २०१८ मध्ये गोव्याच्या पर्यटन विकास महामंडळाच्या पुढाकाराने गोवामाइल्स हे टॅक्सीचं ॲप आलं, तेव्हापासून त्याला विरोध आहे, एप्रिल २०२१ मध्ये ते बंद करा म्हणून टॅक्सीवाल्यांनी संप केला. जानेवारी २०२३ मध्ये मोपाहून विमानं सुटायला लागली आणि नवा विमानतळ म्हणजे नवा स्टँड, नवा हक्क, मोपा ज्या तालुक्यात आहे त्या पेडण्याच्या लोकांनी जमिनी दिल्या तर भाडी पण त्यांनाच मिळायला हवीत हा मुद्दा आला, आणि तो काही अगदीच चुकीचा नाही. मे २०२५ मध्ये सरकारने ॲपवाल्या कंपन्यांसाठी नियमांचा मसुदा काढला, टॅक्सीवाले उठले, मसुदा बाजूला ठेवावा लागला.

या सगळ्यात गोंयकार ग्राहक कुठे दिसतो का? नाही, कारण आपण टॅक्सी घेतच नाही. प्रत्येकाच्या दारात स्कूटर आहे, एकट्याला जायचं तर पिवळ्या-काळ्या मोटरसायकलवाला पायलट आहे (बाकी देशात बाइक टॅक्सी कायदेशीर का नाही यावर भांडतात, आपल्याकडे पायलट केव्हापासून आहेत), नाहीतर कदंबची सरकारी बस. त्यामुळे टॅक्सीचं भाडं म्हणजे टुरिस्टचं भाडं होऊन बसलं, आणि रात्री म्हाताऱ्या सासऱ्यांना हॉस्पिटलमधून घरी आणायची वेळ आली की आपल्यालाही तेच टुरिस्टचं भाडं लागतं.

मीटर लावा आणि विषय संपवा?

कोर्टापासून चहाच्या गाड्यापर्यंत सगळे हे म्हणतात, आणि मीटर हवाच. पण मीटर मोजतं काय? आपण बसल्यापासून उतरेपर्यंत. रिकामी फेरी मीटरला दिसतच नाही. पणजीत मिरामारपासून मार्केटपर्यंत मीटर छान चालेल, काणकोणला जाताना ड्रायव्हर मीटरवर रुमाल टाकणार. केंद्राच्या नियमातही असंच आहे, रिकामं चालल्याचे पैसे प्रवाशाकडून घ्यायचे नाहीत, राइडसाठीचं अंतर ३ किलोमीटरपेक्षा कमी असेल तेव्हाच ते घेता येतात. दिल्लीत बसून हा नियम बरोबर वाटतो. मोपाच्या पठारावर उभं राहून तो लिहिला असता तर वेगळा झाला असता.

मोठं ॲप आलं की स्वस्त होईल ना?

सुरुवातीला होईल. पुण्या-मुंबईच्या लोकांना विचारा, पहिली दोन-तीन वर्षं रिक्षापेक्षा एसी गाडी स्वस्त होती. ते स्वस्त गुंतवणूकदारांच्या पैशावर होतं, ड्रायव्हरला इन्सेंटिव्ह, आपल्याला कूपन. लग्नाचं जेवण फुकट मिळतं म्हणून रोजचं जेवण फुकट होत नाही. लोकांना सवय लागली, कूपन गेली, इन्सेंटिव्ह आटले, आणि ज्या ड्रायव्हरने त्या भरवशावर कर्ज काढून गाडी घेतली तोच आता फोन करून विचारतो कॅश का ऑनलाइन.

तरीही एका गोष्टीसाठी मला ॲप हवं, आणि हे मी काकांनाही तोंडावर सांगितलं. रात्री एकटी बाई गाडीत बसते तेव्हा ड्रायव्हरचं नाव, गाडीचा नंबर, ओटीपी, घरच्यांना लोकेशन, भाडं आधीच ठरलेलं, याची किंमत टॅक्सीवाल्यांच्या सभेत कुणी धरत नाही. "आम्ही गावचेच, आम्हाला सगळे ओळखतात" म्हणतात. तुम्हाला गाव ओळखतो हो, पुण्याहून आलेली मुलगी नाही ओळखत.

कमिशनच नको, तर?

असंही ॲप आहे. बंगळुरूत नम्मा यात्री ड्रायव्हरकडून दर राइडला टक्केवारी न घेता दिवसाची ठरलेली फी घेतं, बाकी भाडं सगळं त्याचं. केंद्राचे नियमही म्हणतात की स्वतःची गाडी असलेल्या ड्रायव्हरला भाड्यातले निदान ८० टक्के मिळायला हवेत. आपल्या मघाच्या हिशेबात कमिशन पूर्ण काढलं तर २७७चे ५६३ होतात. वाईट नाही. पण परतीला पॅसेंजर मिळाला आणि कमिशन तसंच ठेवलं तर १,४२१. आपण सगळे २८६ रुपयांवरून भांडतोय आणि त्याच्या चौपट रक्कम रिकाम्या सीटवर बसून मडगावहून मोपाला परत जाते.

सोडून परत येताना त्याच रस्त्यावरचा पॅसेंजर घ्यायला कुठल्याही गाडीला मुभा द्यायची, स्टँडचा नंबर न मोडता, त्यातला ठराविक हिस्सा त्या स्टँडला द्यायचा, एवढं एक जरी ॲपने जमवलं तरी पुष्कळ. तांत्रिकदृष्ट्या यात काही कठीण नाही. काका म्हणाले, "ॲप करेल गं, स्टँडवर कोण समजावणार?"

तर मावसभाऊ. त्याला म्हटलं जरा थांब, काउंटरवर पैसे भरू नकोस. काकांना फोन लावला, तर ते नेमके कुणाला तरी दहाला मोपाला सोडून जवळच धारगळला चहा पीत बसले होते. "राव रे म्हण त्याला, येतां," म्हणजे थांब, येतो, म्हणाले, "पण बाहेर रस्त्यापर्यंत चालत ये म्हणावं, आत गाडी घातली तर वाद." बॅगा ओढत तो बाहेर आला. काकांनी निम्मेच पैसे घेतले, रिकामाच येणार होतो म्हणाले. मावसभावाने दुसऱ्या दिवशी त्यांना पाच स्टार द्यायला म्हणून बराच वेळ मोबाईलमध्ये शोधलं.